मदत हवी आहे: शहरातील संवाद आणि माध्यमांच्या अभ्यासासाठी संशोधन अनुदान (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात मी वृत्तपत्रविद्या शिकवतो. ज्या अभ्यासासाठी अनुदान शोधतो आहे तो थोडक्यात सांगतो, कारण अडचण त्याच्या स्वरूपातच आहे.

सोलापूरला उजनीचे पाणी काही दिवसांआड येते, आणि ते कोणत्या दिवशी किती वाजता सुटणार याहून महत्त्वाची बातमी, माझ्या मते, या शहरात दुसरी नाही. येथे महापालिकेच्या शाळासुद्धा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या आहेत; पाणीपुरवठ्याचे निवेदन मात्र मराठीत निघते. पूर्व भागातील विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या तेलुगू भाषक वस्त्यांत ते दैनिकातून क्वचितच पोहोचते. मी पाहिलेल्या एका गल्लीत चावीवाला (पाण्याची झडप उघडणारा कर्मचारी) एका बाईंना फोन करतो, त्या विड्या वळता वळता तेलुगूत बोलून तो निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतात, शेजारचा एक मुलगा तो उर्दूत करून पलीकडच्या बोळात पाठवतो आणि थोड्याच वेळात पाणी ओढण्याच्या मोटारी सुरू होतात. पाणी दोन तास पुढे गेले तर दोष चावीवाल्याला नव्हे, या बाईंना लागतो. अशा निरोप्यांचे जाळे वर्षभर, म्हणजे उन्हाळ्यातील टंचाईसह, नोंदवावे असा माझा विचार आहे. तेलुगू व कन्नड जाणणारे दोन क्षेत्र-सहायक, ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन आणि भाषांतर धरून चार ते पाच लाख रुपये लागतील.

स्वाभाविक पर्याय म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. परंतु तिच्या प्रकल्पांसाठी संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २ (एफ) व १२ (बी) खालील मान्यता लागते, आणि आमच्या महाविद्यालयाकडे १२ (बी), म्हणजे केंद्रीय अनुदान घेण्याची पात्रता, नाही. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तींना थेट अनुदान देते व भारतीय भाषांतील प्रस्तावही स्वीकारते, ही मोठीच सोय. मात्र तिचे क्षेत्र कला आहे, आणि पाण्याच्या वेळेचा प्रश्न कलेच्या चौकटीत बसवणे मला ओढूनताणून वाटते. या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीच्या सराय या उपक्रमातून विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकांना छोट्या शिष्यवृत्त्या मिळत, आणि शहर व माध्यमे हाच त्यांचा विषय असे. त्या धर्तीचे आज काही चालू आहे का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न परदेशी अनुदानांचा. अमेरिकेतील अर्बन कम्युनिकेशन फाउंडेशन नेमक्या याच विषयाला वाहिलेले आहे. ग्लासगोच्या अर्बन स्टडीज फाउंडेशनची आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती झालेले संशोधन लिहून काढण्यासाठी असल्याने ती तूर्त बाजूला ठेवली. खरी अडचण अशी की मी एका नोंदणीकृत दैनिकात साप्ताहिक सदर लिहितो, आणि परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ३ मधील परदेशी पैसा घेण्याच्या मनाईत वार्ताहरांबरोबर स्तंभलेखकही येतात. कलम ४ मध्ये शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा तत्सम रकमेला सूट आहे. परंतु क्षेत्र-सहायकांच्या मानधनासह मिळणारे वैयक्तिक संशोधन अनुदान ‘तत्सम’ ठरते का? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया सांगावे. सदर बंद करण्याची माझी तयारी आहे, पण त्याची गरज नसेल तर तो त्याग उगाच कशाला करावा!

प्रतिसाद:

सर, १२ (बी) साठी थांबू नका. मान्यता असलेल्या महाविद्यालयातील किंवा विद्यापीठ विभागातील नियमित प्राध्यापक मुख्य संशोधक आणि आपण सहसंशोधक, अशी मांडणी करता येते का ते पाहा. मात्र परिषदेच्या त्या वेळच्या जाहिरातीतील अटी आधी नीट वाचा. पैसा संस्थेच्या खात्यात हप्त्यांनी येतो आणि लेखापरीक्षित उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, म्हणून सहायकांचे मानधन थकणार नाही अशी व्यवस्था प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा. परदेशी पैशाबाबत अनुदान देणाऱ्याकडून रकमेचे स्वरूप लेखी घ्या आणि या कायद्याची कामे करणाऱ्या सनदी लेखापालाचे मत घेतल्याशिवाय एक रुपयाही स्वीकारू नका. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत रक्कम आपल्या महाविद्यालयाकडे वळवण्याचा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. मला मोठी उणीव दिसते ती वेगळीच: गटातील ज्या माणसांचे आवाज आपण जतन करणार, त्यांची संमती कशी घेणार? गटप्रमुखाचा होकार म्हणजे सर्वांचा होकार नव्हे, आणि परीक्षक प्रथम तेच विचारतील.

मूळ लेखकाचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. संमतीचा मुद्दा रास्त आहे. मूळ ध्वनिमुद्रणे न ठेवता केवळ वेळ, भाषा आणि निरोप कोणाकडून कोणाकडे गेला एवढीच नोंद करावी, आणि मुलाखती मात्र लेखी संमतीने घ्याव्यात, असे आता ठरवत आहे. शब्दांकनाचा खर्च त्यामुळे निम्म्यावर येईल. येथील विद्यापीठाच्या जनसंज्ञापन विभागाशी बोलण्यापूर्वी एकच विचारतो: सहसंशोधक म्हणून काम केल्यास जमवलेल्या नोंदींवर आणि पुढील लेखनावर माझा हक्क राहावा यासाठी करारात नेमके काय लिहून घ्यावे? असा करार कोणी केला असल्यास त्यातील कलमांचा मजकूर येथे द्यावा, ही विनंती.