दुर्बिणीची शस्त्रक्रिया, झडप आणि मूत्रमार्ग

प्रश्न : मुलांच्या मूत्रसंस्थेतल्या जन्मजात दोषांवर पालकांसाठी माहितीपत्रक लिहितोय. 'मिनिमली इन्व्हेसिव्ह सर्जरी'ला काय म्हणू? 'न्यूनतम आक्रमक शस्त्रक्रिया' वाचून डॉक्टर तलवार घेऊन येतायत असं वाटतं.

उत्तर : 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' लिहा, पालक तेच म्हणतात. शब्द मूळचा फारसी, दूरचं बघणारी ती दुर्बीण. इथे ती आत शिरून अगदी जवळचं बघते, पण रुळलेल्या शब्दाशी कोण भांडणार!

उत्तर : 'अल्पछेद' सुटसुटीत आहे, पण सगळीकडे चालणार नाही. मूत्रपिंडाच्या तोंडाशी मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी) अरुंद असली की पोटावर छोटे छेद घेऊन तेवढा भाग काढून नळी पुन्हा जोडतात. तिथे ठीक. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घातली तर कातडीवर छेदच नसतो.

आणि 'मूत्रमार्ग' जपून वापरा. 'मूत्रमार्गाचा संसर्ग' म्हणताना सगळी संस्था अभिप्रेत असते, 'मूत्रमार्गात नळी घातली' म्हणताना मूत्राशयाखालची शेवटची वाट. एकाच पानावर दोन्ही अर्थ आले की वाचणारा गोंधळलाच.

प्रश्न : 'पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह'ला झडप?

उत्तर : नको. झडप म्हटलं की हृदयाची आठवते, मग आई विचारते, "काढली तर बाळाचं कसं चालेल?" हा फक्त मुलग्यांत आढळणारा, मूत्राशयाखालच्या वाटेत नको तिथे आलेला, लघवी अडवणारा पातळ पडदा. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ साली त्याचे तीन प्रकार सांगितले आणि व्हॉल्व्ह हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मराठीत आपण का ओढायचं? 'पडदा' लिहा, 'दुर्बिणीतून पडदा छेदतात' लिहा.

गंमत म्हणजे झडप शोभते ती दुसरीकडे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. मूत्राशय भरला की तो तिरका तुकडा दाबला जातो आणि लघवी वर चढत नाही. तुकडा आखूड असला की ती उलटी जाते. तिथे दुर्बिणीतून सुईने मूत्रवाहिनीच्या तोंडाखाली एखादा पदार्थ टोचून उंचवटा करतात. ओ'डॉनेल आणि पुरी या शल्यचिकित्सकांनी १९८४ मध्ये त्यासाठी टेफ्लॉन वापरलं होतं.

प्रश्न : मग असं लिहितो : 'बाळाच्या मूत्रमार्गात एक जादा पडदा आहे. लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून तो छेदतात. पोटावर टाका येत नाही.'

उत्तर : 'जादा' काढा. निरोगी बाळात तिथे पडदा मुळात नसतोच, मग 'जादा' कसला?