खंभातच्या आखातात भरती दहा मीटर, मग 3 मिलिमीटर मोजले कोणी?

मांडवीवाला
काल इथे एका महाभागांनी टाकलं: "कंबोईचं किनाऱ्यावरचं स्तंभेश्वर मंदिर दिवसातून दोनदा बुडतं नि दोनदा उघडं पडतं. जिथे पाणी सहा तासांत दहा मीटर चढतं, तिथे समुद्राची वर्षाला 3 मिलिमीटर वाढ म्हणजे शुद्ध थाप." वर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून लिहितोय.

भरती सरासरीत जिरते. तासाला एक नोंद धरली तर वर्षाला 8760. चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात. चंद्राचं 18.6 वर्षांचं चक्र तेवढं लक्षात ठेवावं लागतं, दहा वर्षांच्या आकड्यांवर कल काढणारा फसतो. पण सरासरीने जे जिरत नाही ते म्हणजे उपकरणाचं शून्य सरकणं नि नळी तुंबणं. पाण्याची उंची मोजणारी किनाऱ्यावरची नळी साधारण 30 सेंटिमीटर व्यासाची, आत तरंगणारा डबा, तळाला व्यासाच्या दहाव्या हिश्शाचं भोक, म्हणजे लाटा आत येत नाहीत, भरती येते. त्या भोकात गाळ नि शिंपले साचले की ओहोटीला आतलं पाणी वेळेत उतरत नाही. आलेखाचे तळ सपाट होतात आणि सरासरी खोटीच वर चढते. खंभातसारख्या गढूळ पाण्यात हे ठरलेलंच. म्हणून पूर्ण भरती-ओहोटीभर दर पंधरा मिनिटांनी हाताने टेप सोडून उपकरणाशी फरक काढायचा. फरक पाण्याच्या उंचीप्रमाणे बदलत असेल तर भोक तपासा. सगळीकडे सारखाच असेल तर शून्य सरकलंय.

फाफडापंडित
सरासरी आम्हालाही येते, काका. मुंबईची अपोलो बंदरची मालिका 1878 पासूनची, कल वर्षाला 1 मिलिमीटरच्या आसपास. मग तुमचे 3 आले कुठून? शिवाय धक्का खचला तरी पट्टी "पाणी वाढलं" असंच सांगणार. आणि 1336 किलोमीटरवरून मिलिमीटर मोजणारा उपग्रह! वा!

मांडवीवाला
धक्का खचतो, मान्य. म्हणूनच नळीशेजारी पक्क्या खडकात खुणेचे दगड असतात, एक नव्हे चार-पाच, आणि दरवर्षी लेव्हल लावून नळीचं शून्य त्यांच्याशी ताडतात. सगळा किनाराच खचत असेल तर दगडही खचतात, त्यासाठी जीपीएस. स्टॉकहोमला उलटं आहे. हिमयुगात दबलेली जमीन अजून वर येतेय, त्यामुळे तिथे समुद्र उतरताना दिसतो.

1 आणि 3 चं भांडणच नाही. तुमचा 1 शतकाहून जास्त काळाचा. जगाची सरासरीसुद्धा 1901 ते 1971 मध्ये वर्षाला 1.3 होती, 2006 ते 2018 मध्ये 3.7. उपग्रहाचा एकेक ठोका सेंटिमीटरांनी चुकतो, पण दहा दिवसांत जवळपास सगळा समुद्र पालथा घालतो, मग सरासरीत ती चूक जिरते. आणि हो, 1992 च्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाचं पहिलं उपकरण सरकत होतं. ते उघड झालं कशामुळे? याच गाळाच्या नळ्यांशी ताडून.

कारणांचा हिशेबही जुळतो. आर्गोचे तरंगते यंत्रगोळे 2000 मीटरपर्यंतचं तापमान देतात, त्यावरून पाणी किती फुगलं ते निघतं. ग्रेस उपग्रह गुरुत्वावरून बर्फ किती गेला ते सांगतात. 360 अब्ज टन वितळले की 1 मिलिमीटर. दोन्हींची बेरीज उंचीच्या मोजमापाशी जमते.

सयाजीबागवाला
समुद्र चढतोय म्हणूनच वडोदऱ्यात विश्वामित्री नदी तुंबते, हे कुणी बोलणार की नाही? 2024 च्या ऑगस्टात घराघरांत मगरी!

फाफडापंडित
इथे मात्र काकांच्या बाजूने उभं राहावं लागतंय, काय दिवस आलेत. शहर समुद्रापासून 35 मीटर उंच. भरती सरासरीच्या वर पाच-सहा मीटर. विश्वामित्री जिला मिळते त्या ढाढर नदीच्या मुखाशी पाणी अडतं, तिथल्या गावांतून उतरायला उशीर होतो, इतपत खरं. शहरातल्या काळाघोडा पुलापर्यंत ती भरती चालत येणार आहे का? पात्रात भराव टाकायचा, ओढे बुजवायचे आणि बोट दाखवायचं खंभातकडे.

सयाजीबागवाला
भराव मीही म्हणतोय! पण काळाघोड्याला धोक्याची पातळी 26 फूट आणि आजवा धरणाला 212 फूट, मग आजव्याचं सगळं पाणी अंगावर येणारच ना?

मांडवीवाला
अहो, ते 26 फूट समुद्रापासून असते तर काळाघोडा 8 मीटरवर आला असता आणि कंबोईच्या बोटी सयाजीबागेला लागल्या असत्या. ती पुलाची स्थानिक पट्टी, तिचं शून्य वेगळं. आजव्याचे फूट समुद्रसपाटीपासूनचे. दोन शून्यांतले आकडे वजा करत बसू नका.

सयाजीबागवाला
मग दर पावसाळ्यात बातमीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी का देतात?

फाफडापंडित
हा प्रश्न मात्र रास्त आहे. काका, 3 मिलिमीटरचं थोडंफार पटलं. वेगळा धागा काढा, विश्वामित्रीचा. इथे आता कुणी समुद्र वाचणार नाही.