गन, काख की पारा: मुलाचा ताप नेमका किती?

अनुया_ठाणे
मुलगा ५ वर्षांचा, कालपासून ताप. घरात तीन थर्मामीटर आणि तिघांचे तीन आकडे. कपाळावरची गन ९८.१ दाखवते, डिजिटल काखेत ९९.४ आणि सासूबाईंचं जुनं पाऱ्याचं काखेतच १००.६. अंग तर हाताला चांगलंच गरम लागतंय. खरं कुठलं मानायचं? काखेतल्या आकड्यात १ मिळवायचा असं शेजारच्या काकू सांगतात, ते बरोबर आहे का? आणि डिजिटल बिघडलंय की नाही हे घरच्या घरी तपासता येतं का?

वॉर्ड_सिस्टर
ताई, डिजिटल बिघडलेलं असेलच असं नाही. बीप वाजल्यावर लगेच काढलंत ना? बहुतेक डिजिटल थर्मामीटर तापमान वाढायचा वेग मंदावला की बीप देतात. जिभेखाली हे ठीक चालतं. काखेतली कातडी मात्र आधी हवेवर गार झालेली असते. हात मिटल्यावर ती सावकाश गरम होते, आणि यंत्राला वाटतं की आता आकडा स्थिर झाला. बीप झाल्यावरही तसंच राहू द्या, एकूण ५ मिनिटं. बऱ्याच मॉडेलमध्ये आकडा पुढे चढत राहतो, नुसता दुसरा बीप येत नाही. पारा तुम्ही बराच वेळ ठेवला असणार, म्हणून तो जास्त.

लावायची पद्धत: काखेतला घाम कोरड्या कापडाने टिपा, चोळू नका. टोक समोरच्या बाजूने, किंचित वर, काखेच्या अगदी खोलगट भागात. बनियनची कड मध्ये अडकत नाही ना ते बघा, हा फार नेहमीचा घोटाळा आहे. मग मुलाला मांडीवर घेऊन त्याचं कोपर बरगड्यांशी दाबून धरा. अंघोळीनंतर किंवा जाड पांघरुणातून उठवल्या उठवल्या मोजू नका, २० मिनिटं थांबा.

५ वर्षांचा मुलगा तोंड मिटून बसत असेल तर जिभेखालीही घेता येईल. टोक जिभेच्या मध्याखाली नको, मागे एका बाजूच्या खाचेत हवं. दूध, पाणी, काहीही प्यायल्यानंतर निदान २० मिनिटं जाऊ द्या. नाक चोंदलेलं असेल तर मूल तोंडाने श्वास घेतं आणि आकडा कमी येतो, तेव्हा काखच बरी.

१ मिळवू नका. काख आणि तोंड यांतला फरक प्रत्येकाचा आणि प्रत्येक वेळी सारखा नसतो. तुम्ही मिळवता, डॉक्टरही मनात मिळवतात, आणि ९९.४ चा १०१.४ होतो.

मापन_तंत्रज्ञ
तपासणीचं मी सांगतो. डिजिटलच्या डबीवर बहुधा ±०.१ अंश सेल्सिअस, म्हणजे ±०.२ फॅरनहाइट लिहिलेलं असतं. त्यामुळे दोन चांगली थर्मामीटर एकमेकांपासून ०.४ फॅरनहाइटने वेगळी दिसली तरी दोन्ही बरोबर असू शकतात. तेवढ्यावरून वाद नको.

थर्मॉसमध्ये किंवा जाड भांड्यात लिटरभर कोमट पाणी घ्या, साधारण १०० ते १०२ फॅरनहाइट. पाऱ्याचं त्यात घालणार असाल तर आधी डिजिटलने पाणी बघा. घरच्या पाऱ्याची पट्टी १०८ ला संपते, त्यापेक्षा गरम पाण्यात नळी तडकते. दोन्हींची टोकं शेजारी शेजारी येतील अशी रबरबँडने बांधा. डिजिटलचं फक्त टोक बुडवा, डबीवर वॉटरप्रूफ लिहिलं असेल तरच पुढचा भाग पाण्यात जाऊ द्या. भांड्याच्या कडेला टेकवू नका. पाणी हलवत राहा, ३ मिनिटांनी पाण्यातच ठेवून वाचा.

इथे लोक फसतात ते असं: ही दोन्ही यंत्रं कमाल आकडा धरून ठेवतात. पाणी निवलं तरी आकडा खाली येत नाही. दुसऱ्यांदा वाचण्याआधी डिजिटल बंद करून चालू करा, पारा झटकून ९५ च्या खाली आणा. डिजिटल चालू करताना क्षणभर जो आकडा चमकतो तो बऱ्याचदा मागच्या वेळचा असतो, तो वाचून घाबरू नका.

बर्फाच्या पाण्यात तपासू नका. तापाचं थर्मामीटर तिथे नुसतं ‘एलओ’ (लो, म्हणजे मोजता येईल त्यापेक्षा कमी) दाखवतं. गनही पाण्यावर धरून तपासता येत नाही, कारण वाफ निघताना पाण्याचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा गार असतो.

डोंबिवलीकर
गन तर फेकूनच द्यावी असं माझं मत. एकाच कपाळावर तीनदा तीन आकडे.

मापन_तंत्रज्ञ
फेकू नका, चाळणी म्हणून ठीक आहे. झोपलेल्या मुलाला न उठवता अंदाज घ्यायला उपयोगी. पण तिची अडचण समजून घ्या. ती फक्त कपाळाच्या कातडीची उष्णता बघते आणि त्यावरून आतल्या तापाचा हिशेब मांडते. कपाळावर पाण्याची घडी ठेवली होती, घाम आहे, डोक्यावर पंखा चालू आहे, केस आडवे आलेत, की हिशेब चुकला. मनगटावर धरली तरी तेच, तो हिशेब कपाळासाठी बसवलेला असतो. कारमधून किंवा एसीच्या खोलीतून आणलेली गन मोजायच्या खोलीत १५ ते ३० मिनिटं पडू द्या. अंतर माहितीपत्रकात दिलंय तेवढंच, बहुधा ३ ते ५ सेंमी, आणि काच कापसाने पुसलेली हवी. मोड ‘बॉडी’ आहे ना, तेही बघा. ‘सरफेस’वर गेली की ९३-९४ दाखवते.

वॉर्ड_सिस्टर
त्यात एक भर. ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हा कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. हातपाय, कपाळ गार लागतं आणि आत ताप वाढत असतो. नेमक्या त्याच वेळी गन ९८ दाखवते. थंडी वाजत असताना गनवर अजिबात भरवसा ठेवू नये.

अनुया_ठाणे
घडी ठेवलेलीच होती! आता काखेत ५ मिनिटं ठेवून १००.४ आलं. पाऱ्याचं वापरत राहिले तर चालेल का? सासूबाईंचा त्यावरच विश्वास.

मापन_तंत्रज्ञ
रेघ सलग असेल तर अचूकतेत ते कमी नाही. पाऱ्याची रेघ मध्येच तुटलेली दिसली तर आकडा चुकतो, झटकून जुळते का बघा. प्रश्न फुटण्याचा आहे. मिनामाता करारात (पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) पाऱ्याची थर्मामीटर बनवणं बंद करायचं ठरलंय ते त्यामुळेच. भारत २०१८ पासून त्या करारात आहे.

फुटलंच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. जाड कार्डाने गोळ्या एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बेसिनमध्ये ओतू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेलं पाऱ्याचं थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात मोडत होतं, बरणी नेहमीच्या कचऱ्यात न टाकता वेगळीच द्या.

वॉर्ड_सिस्टर
डॉक्टरांना नुसता आकडा सांगू नका. “काखेत, डिजिटल, ५ मिनिटं, संध्याकाळी ६ वाजता १००.४, त्याआधी पॅरासिटामॉल २ वाजता” असं सांगा. सकाळ-संध्याकाळ एकाच थर्मामीटरने, एकाच जागी मोजा. निरोगी अंगही संध्याकाळी पहाटेपेक्षा अंशभर गरम असतं, त्यामुळे सकाळी ९८ आणि संध्याकाळी ९९ म्हणजे ताप वाढला असं नाही. आणि आकडा काहीही असो, मूल मलूल आहे, पाणी पीत नाही, लघवी कमी झालीय, तर फोनवर न थांबता दाखवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: बाळ ३ महिन्यांपेक्षा लहान असेल आणि १००.४ किंवा जास्त आलं, तर थर्मामीटर तपासत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. इतक्या लहान बाळाला कानातलं थर्मामीटरही नको, कानाची नळी फार अरुंद असते.

मापन_तंत्रज्ञ
सेलचं राहिलं. आकडे फिकट दिसत असतील किंवा बॅटरीचं चिन्ह लुकलुकत असेल तर सेल बदला. पेनसारख्या डिजिटलमध्ये बहुतेक एलआर४१ बटण सेल असतो. तो काढताना मूल जवळ नको, गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो. टोक पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. उकळत्या पाण्यात कधीच नाही.