गल्लीतला गांजा, पोलीस आणि आपण : अनुभव लिहा

रानजाई
काल गच्चीवर कपडे काढायला गेले आणि खालच्या बोळातून तो वास आला. ओला पाला जाळल्यासारखा. एकदम बारा वर्षं मागे गेले. आमच्या मागच्या पडक्या भिंतीशी सातनंतर पुड्या विकायचे. लेक क्लासवरून यायच्या वेळेला मी रोज कोपऱ्यावर जाऊन उभी. तक्रार केली की गाडी यायची, पोरं पांगायची, गाडी वळली की परत गोळा. मग बीटवर एक नवे हवालदार आले. ते गाडीतून उतरायचे. भिंतीशी अर्धा तास नुसते उभे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. कधी येतील याचा नेम नाही. महिन्याभरात गिऱ्हाईकच फिरकेना. त्यांची बदली झाली आणि पावसाळ्याआधी सगळं पहिल्यासारखं. तुमच्याकडे काय झालं?

नदीकाठ
११२ लावला होता. गाडी लगेच आली, मान्य. पण खालून मोठ्याने विचारलं, "फोन कोणी केला?" अख्खी गल्ली खिडकीत. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडलेली. त्यानंतर हात फोनकडे गेला नाही.

रानजाई
अगं बाई! हे फारच वाईट.

कोवळं ऊन
नदीकाठताई, १९३३ लावून बघा. अमली पदार्थांसाठीचीच हेल्पलाइन आहे, मानस, २०२४ पासून. नाव गुप्त राहतं. जागा, वेळ, गाडीचा नंबर नेमका सांगा, "इथे नेहमी चालतं" एवढंच सांगू नका.

सातबारा
आमच्याकडे आता गांजा मागे पडला, एमडी आलंय, म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर. नववी-दहावीची पोरं हो. पोटात कालवतं.

जुना अंमलदार
निवृत्त आहे म्हणून लिहितो. लोकांना वाटतं पोलीस मिळालेले असतात. काही असतात, नाकारत नाही. पण विकणारा अंगावर दोन-चार पुड्याच ठेवतो, बाकी माल मीटरच्या पेटीमागे नाहीतर बंद गाडीखाली. अंगझडतीआधी अमली पदार्थांच्या कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ५०प्रमाणे त्याला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. ते नीट झालं नाही की कोर्टात केस ढासळते. गांजा १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक. अल्प प्रमाणात सापडलेला जामिनावर लवकर बाहेर येतो आणि तुम्ही म्हणता सोडला. आणि पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार! पंच व्हा म्हटलं की सगळ्यांना त्याच दिवशी गावाला जायचं असतं. वारंवार सापडणाऱ्यावर तडीपारीचा प्रस्ताव जातो, त्यालाही साक्ष द्यायला कोणीतरी लागतं.

नदीकाठ
काका, सीट फाडल्यावर पंच कोण होणार?

जुना अंमलदार
बरोबर आहे ताई. तसं खालून ओरडून विचारणं ही आमच्या माणसाची चूकच.

अबोली
माझा भाऊ विकणारा नव्हता, ओढणारा होता. पकडला त्या रात्री आई चौकीच्या बाकावर त्याची चप्पल हातात धरून बसलेली, एकच सापडली होती. तिथल्या एका मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, अल्प प्रमाण आहे, तो स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मागता येते, वकिलाला विचारा. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. आज सहा वर्षं झाली, कामाला जातो.

कोवळं ऊन
अबोली 🙏 वाचून डोळे भरले. आई कशा आहेत आता?

अबोली
गुडघे दुखतात, बाकी छान. त्याची वाट बघत दारात बसायची सवय मात्र गेली नाही.

सातबारा
गुडघ्यांना माझ्या आईला निर्गुडीच्या शेकाने आराम पडला. आमच्या बोळातला दिवा आठ महिने बंद होता. लावून घेतल्यावर निम्मी गर्दी हटली, पण पलीकडच्या मैदानात गेली. तिथे राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

रानजाई
आमच्याही बोळात दिवा नाही की हो. उद्या सकाळी आम्ही चौघीजणी बीट चौकीत जातोय, एकटीचं नाव पुढे नको म्हणून. अर्ज दोन प्रतीत, एकीवर शिक्का घेणार. कुकर झालाय, नंतर लिहिते.