मदत हवी आहे: अंदमानात महिनाभर राहायचंय, स्वस्त खोली कशी मिळवायची?

मालाड_वेस्ट
अंदमानला महिनाभर जाणं पक्कं आहे, विमानाची तिकिटं काढून झाली. घोडं अडलंय ते राहण्यावर. साइटवर हॅवलॉक बेटावरची साधी खोलीसुद्धा चार हजारांच्या खाली दिसत नाही. या भावाने महिना काढायचा तर कर्ज काढावं लागेल. रात्रीचे ₹१,२०० च्या वर जायचं नाही. स्वच्छ खोली, पंखा, संडास-बाथरूम आतमध्ये, बास. सगळं आत्ताच मुंबईत बसून बुक करू की तिथे जाऊन शोधू? जरा लवकर सांगा, या शनिवार-रविवारी हे प्रकरण संपवायचंय. ‘एजंटकडून पॅकेज घ्या’ हे उत्तर नको.

खाडीपलीकडची
कधी जाताय? किती जण? ₹१,२०० माणशी की खोलीचे? महिनाभर हॅवलॉकलाच राहणार की फिरत? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

नारळपाणी
काहीही बुक करू नका. पोर्ट ब्लेअरच्या पहिल्या दोन रात्री तेवढ्या घ्या, बाकी पायी फिरून. स्वस्त खोल्या साइटवर नसतातच. तीन-चार खोल्या असलेला घरमालक साइटचं कमिशन आणि वरचा कर भरून हजाराची खोली हजाराला देऊच शकत नाही, म्हणून तो फोनवर आणि दारावरच्या पाटीवर धंदा करतो.

हॅवलॉकला जेटीवर उतरलात की रिक्षावाल्यांच्या घोळक्यातून सरळ गोविंदनगरच्या बाजारात चालत जा (जुन्या लोकांचा ३ नंबर बीच). बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत घरगुती खोल्या आहेत. विजयनगरला (५ नंबर) बांबूच्या झोपड्या मिळतात, पण समुद्रासमोरची घेऊन जास्त पैसे घालवू नका. तिथलं पाणी उथळ आहे, ओहोटीला खडक उघडे पडतात, पोहणं फक्त भरतीच्या वेळी. पोहायचं असेल तर राधानगर, म्हणजे ७ नंबर. जेटीपासून साधारण ११-१२ किलोमीटर, सरकारी बस जाते पण फेऱ्या मोजक्याच. तिथे मुक्काम महाग, तेव्हा राहायचं बाजारात आणि पोहायला राधानगरला.

सात रात्रींचा भाव एकदम विचारा. रोजचा भाव सात पट करून सांगितला तर उठून निघा, निम्मे मालक मागून हाक मारतात.

जेटी_नंबर_एक
नारळपाणी, हे फेब्रुवारीत ठीक आहे. नाताळात हाच सल्ला दिलात तर माणूस बॅग घेऊन रस्त्यावर येईल. मालाडकर, आधी तारीख सांगा.

दुसरं म्हणजे अंदमानात खोली बोट ठरवते. सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खाजगी हॅडो व्हार्फवरून. या दोन वेगळ्या जागा आहेत आणि रोज कोणी ना कोणी चुकीच्या जेटीवर जाऊन बोट घालवतो. सरकारी तिकीट खाजगीपेक्षा बरंच स्वस्त, पण विक्री थोडेच दिवस आधी उघडते आणि आयलंडर कार्डवाल्या स्थानिकांना प्राधान्य असतं, ते योग्यच आहे. स्वस्त खोली घेतली आणि सरकारी बोट मिळाली नाही, की खाजगीचं दीड हजाराच्या आसपासचं तिकीट काढून वाचवलेलं सगळं गेलं. म्हणून मुक्काम कमी ठिकाणी करा. बेट बदललं की बोट, रिक्षा आणि अर्धा दिवस असं तिहेरी नुकसान.

देवबागचा_वारा
एवढं लांब कशाला? तारकर्ली-देवबागला घरगुती खोली याच भावात, माशांचं ताट वेगळं सांगायला नको. विमान नाही, बोट नाही. विचार करा.

मालाड_वेस्ट
तिकिटं काढून झालीत हो! पहिल्याच ओळीत लिहिलंय.
तारीख २० डिसेंबर. त्याने एवढा काय फरक पडतो? ₹१,२०० खोलीचे, दोघांचे मिळून.

जेटी_नंबर_एक
सगळा फरक पडतो. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा अख्ख्या वर्षातला सगळ्यात महाग पंधरवडा. चार हजार दिसतायत ते त्यामुळेच. त्याच खोल्या १० जानेवारीनंतर साइटवर टाकून बघा, आकडे खाली आलेले दिसतील.

तेव्हा क्रम उलटा करा. लोक उतरल्या उतरल्या हॅवलॉकला पळतात. तुम्ही ५ तारखेपर्यंत पोर्ट ब्लेअरला राहा. शहर असल्याने खोल्या भरपूर, शिवाय सगळे पर्यटक तिथे एक-दोन रात्रीच टेकतात, त्यामुळे दोन आठवडे राहणारं गिऱ्हाईक मालकाला हवंच असतं. हॅवलॉक आणि नील ही बेटं त्यानंतर.

नारळपाणी
महिन्यातले पंधरा दिवस पोर्ट ब्लेअरला? तिथे दोन दिवसांनंतर करणार काय माणूस? त्यापेक्षा नाताळात उत्तरेला जा. मोहनपुरा बसस्थानकावरून पहाटेची सरकारी बस, रंगतला उतरा, पुढे मायाबंदर, डिगलीपूर. तिकडे पॅकेजवाले फारसे पोहोचत नाहीत, नाताळातही भाव चढत नाहीत. डिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा (डिसेंबर ते फेब्रुवारी कासवं अंडी घालायला येतात), एरियल बेवरून बोटीने रॉस आणि स्मिथ ही वाळूने जोडलेली बेटं, आणि ७३२ मीटरचं सॅडल पीक. मुक्काम डिगलीपूर बाजारात नको, कालीपूरला करा, नाहीतर रोज १८ किलोमीटर जा-ये.

खाडीपलीकडची
बस जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाते, हेही सांगा. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून ताफा करून सोडतात, पहिला सकाळी सहाला. वाटेत थांबायचं नाही, खिडकीतून फोटो काढायचे नाहीत. कायदा १९५६ चा आहे आणि लागू होतो. डिगलीपूरपर्यंत दहा-बारा तास धरा.
आणि दोघं म्हणजे कोण? मित्र, नवराबायको?

गिरगाव_चौपाटी
पोर्ट ब्लेअर नाही, श्री विजयपुरम्. सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदललंय.

जेटी_नंबर_एक
बरोबर, आणि खोली शोधताना याचा उपयोग आहे. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. साइटवर काहींनी जुनं नाव ठेवलंय, काहींनी नवं. दोन्ही टाकून शोधा, यादी वेगळी येते. बोटीच्या तिकिटावर नवं नाव दिसलं तर घाबरू नका.

मालाड_वेस्ट
मी आणि आई. आईला ६८ पूर्ण. दहा-बारा तास बस शक्यच नाही, गुडघे आहेत तिचे. आणि लॅपटॉप सोबत असणारच आहे, महिनाभर सुट्टी कोण देतं? सकाळी अकरा ते रात्री आठ काम. तेव्हा इंटरनेट पाहिजे. एवढंच सांगा की कुठे राहू.

खाडीपलीकडची
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं! आई, गुडघे आणि ऑफिस, या तीन गोष्टींनी अर्धे सल्ले बाद होतात. शाकाहारी आहेत का त्या?

टेंट_टाका
बजेट कमी असेल तर तंबू न्या. किनाऱ्यावर फुकट.

जेटी_नंबर_एक
६८ वर्षांच्या बाईंना तंबू? आणि फुकट नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय किनाऱ्यावर तंबू टाकता येत नाही. वर सँडफ्लाय. वाळूत बसलं की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चावतात, खाज आठवडाभर जात नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या काही किनाऱ्यांवर उगाच लावलेल्या नाहीत.

राउटर_बंद_चालू
इंटरनेटचं मी सांगतो. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरला येते आणि तिथून स्वराज द्वीप, रंगत, लाँग आयलंड, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबारला जाते. नीलचं नाव या यादीत नाही, डिगलीपूरचंही नाही. म्हणजे कामाच्या दिवसांत पोर्ट ब्लेअर किंवा हॅवलॉक, नील फक्त शनिवार-रविवार.

‘वायफाय आहे’ या शब्दावर खोली घेऊ नका. बहुतेक ठिकाणी राउटर रिसेप्शनवर असतो आणि मागच्या झोपड्यांपर्यंत पोहोचत नाही. खोलीचं दार बंद करून, पलंगावर बसून, मोबाइल डेटाचा वेग तपासा, तोही संध्याकाळी सात ते नऊमध्ये, कारण तेव्हाच सगळे ऑनलाइन असतात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. बेटांवर वीज जाते, जनरेटरवर दिवा-पंखा चालतो, एसी नाही, आणि राउटर जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही हे कोणी आपणहून सांगत नाही. विचारा. राउटरसाठी छोटा यूपीएस मुंबईतूनच न्या.

तुमची अकरा-आठची वेळ मात्र तिथे उत्तम. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात सहाच्या आत उजाडतं आणि पाचला सूर्य मावळतो. सकाळी सहा ते दहा समुद्र, मग ऑफिस. संध्याकाळ तशीही अंधारात जाते.

नारळपाणी
ठीक आहे, आई असतील तर उत्तरेला जाणं नको. पण हॅवलॉकला झोपडी नको, पक्की खोली घ्या, तळमजल्यावर. बऱ्याच झोपड्या खांबांवर असतात, चार-पाच उंच पायऱ्या, कठडा नाही. कमोड आहे का ते फोनवर विचारू नका, फोटो मागवा. नळ उघडून पाणी जिभेला लावून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, केस धुता येत नाहीत आणि डाळ शिजत नाही.

देवबागचा_वारा
देवबागला गोड्या पाण्याची—

खाडीपलीकडची
देवबागसाठी वेगळा धागा काढा ना दादा.

मालाड_वेस्ट
आई शाकाहारी, मी खातो. खोलीत गॅस मिळतो का?

खाडीपलीकडची
लॉजमध्ये नाही. पोर्ट ब्लेअरला डेलानिपूर, फिनिक्स बे भागात घराचाच एक भाग भाड्याने देणारे आहेत, तिथे स्वयंपाकघर मिळू शकतं. दोन आठवड्यांचे एकदम ठरवा आणि वीज भाड्यात धरली आहे की मीटरप्रमाणे, हे लेखी घ्या, मेसेजवर का होईना. एसी नसलेल्या खोलीचं ठरवून एसीचा रिमोट हातात देतात आणि निघताना वेगळा हिशोब येतो. अ‍ॅबरडीन बाजार जवळ पडतो, भाजी-किराणा तिथे. आईंना चढ नको, म्हणून रस्त्यापासून वर किती चढायचं ते विचारा. हे शहर सगळं टेकड्यांवर आहे.

हॅवलॉकला गोविंदनगर बाजारात बंगाली खानावळी आहेत. भात, डाळ, एक भाजी असं शाकाहारी ताट मिळतं, पण माशांच्याच कढईतलं असतं हे आईंना आधीच सांगा. नीलला भाजी चांगली पिकते, हॅवलॉकचीही बरीच तिथूनच येते.

आणि नारळपाणींनी विचारलेल्या ‘करणार काय’चं उत्तर: मालाडकर दिवसभर ऑफिसच करणार आहेत. आईंना चिडियाटापू, वंडूरला बस आहे, कॉर्बिन्स कोव्ह रिक्षाच्या अंतरावर. पंधरा दिवस सहज जातात.

गिरगाव_चौपाटी
सेल्युलर जेल एका दिवसात उरकू नका. आईंना संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम दाखवा, हिंदीचा वेगळा असतो.

मालाड_वेस्ट
म्हणजे ५ जानेवारीपर्यंत पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक दोन आठवडे, मधल्या एका शनिवार-रविवारी नील. नीलला जाताना हॅवलॉकची खोली सोडायची की ठेवायची?

जेटी_नंबर_एक
सोडा. आठवड्याच्या भावाने घेणार आहात, तर शनिवारी पहिला आठवडा संपेल असं धरा. दुसरा सोमवारपासून, आणि मोठी बॅग मालकाकडे ठेवा, कोणी नाही म्हणत नाही. नीलला जेटीजवळ भरतपूरच्या बाजूला राहा. सीतापूर स्वस्त आणि शांत, पण जेटीपासून पाचेक किलोमीटर, आणि सोमवारची सकाळची पहिली बोट गाठायची आहे तुम्हाला. ती चुकली तर अकराची मीटिंग नीलच्या जेटीवरून. परतीच्या वेळी आठवणीने तिकीट आधी काढा, खोली मग.

आईंसाठी एकच खर्च वाढवा: खाजगी बोट. सरकारी बोटीत चढताना फळी अरुंद असते आणि मागून गर्दी ढकलते. तो प्रवास गुडघ्यांना नको.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरहून न्या. बेटांवरची एटीएम शनिवार-रविवारी रिकामी होतात आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं.

सहावा_सिलिंडर
स्कूबा केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या. रक्तातला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. हे कोणी लिहिलं नव्हतं म्हणून.

मालाड_वेस्ट
स्कूबा कोण करतंय? आई?
परतीचं विमान सकाळी सव्वानऊचं आहे. त्याच दिवशी हॅवलॉकहून पहिल्या बोटीने निघालो तर?

जेटी_नंबर_एक
नाही. वारा असला की बोटी रद्द होतात, आणि सकाळची पहिली बोटही विमान गाठून देणार नाही. आदली रात्र पोर्ट ब्लेअरला, त्याच डेलानिपूरच्या घरात. मालकाला आत्ता दोन आठवड्यांचं सांगताना ही एक जादा रात्रही त्याच भावात मागून घ्या.