फ्लूच्या तापात आकडी: साधी की एन्सेफॅलोपथी (मेंदूचं काम बिघडणं)?

बालरोग_निवासी
वय ३ वर्षं, इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, तापाचा दुसरा दिवस. आकडी ३-४ मिनिटांत आपोआप थांबली. अशा वेळी नुसतं निरीक्षण पुरे, की लगेच एमआरआय? आणि पाठीतलं पाणी (मणक्यातून काढलेला मेंदूभोवतीचा द्रव) तपासून नॉर्मल आलं तर एन्सेफॅलोपथी नाही असं धरायचं का?

मज्जारज्जू
नाही, अजिबात धरू नका. या आजारात विषाणू सहसा मेंदूत शिरलेलाच नसतो. सायटोकाइन्सचा (शरीरात दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचा) भडका उडतो, त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरतात आणि मेंदू सुजतो. म्हणून पाण्यात पेशी वाढत नाहीत, पीसीआरही (विषाणूच्या जनुकांची तपासणी) बहुधा निगेटिव्ह येतो. तो रिपोर्ट बघून मूल वॉर्डात सोडलं जातं, घात तिथेच होतो.

बघायची ती शुद्ध. साध्या आकडीनंतर मूल साधारण तासाभरात डोळे उघडून आईला ओळखतं. ग्लानी उतरत नसेल, असंबद्ध बडबड असेल, समोर नसलेलं काही दिसत असेल, आकडी १५ मिनिटांवर गेली, एकाच बाजूला आली किंवा २४ तासांत परत आली, तर एमआरआय करा. दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले दोन भाग) सारखेच उजळलेले दिसले तर अक्यूट नेक्रोटायझिंग प्रकार, म्हणजे मेंदूच्या पेशी झपाट्याने मरणारा. त्यात मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ३० मिग्रॅ/किलो/दिवस, ३ दिवस, जितकं लवकर तितकं बरं. सुरुवातीचा सीटी नॉर्मल असू शकतो. साखर मात्र सगळ्यांत आधी बघा. एसजीओटी (यकृताचं एन्झाइम), प्लेटलेट, अमोनियाही पाठवा.

औषधमात्रा
ऑसेल्टामिविर (फ्लूविरोधी औषध) लगेच सुरू करा, स्कॅनसाठी थांबवू नका. १५ किलोपर्यंत ३० मिग्रॅ, १५ ते २३ किलो ४५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ५ दिवस. मात्र हे औषध एन्सेफॅलोपथी उलटवत नाही. तापाला पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ/किलो, दिवसात जास्तीत जास्त ४ वेळा. अ‍ॅस्पिरिन नकोच, राय सिंड्रोमचा (यकृत आणि मेंदूला इजा करणारा आजार) धोका. डायक्लोफेनॅक आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिडही टाळा.

बालरोग_निवासी
आकडी थांबवायला मिडॅझोलाम दिलं असेल तर ग्लानी औषधाची की आजाराची?

मज्जारज्जू
एका डोसची गुंगी काही तासांत ओसरायला हवी. दर तासाला ग्लासगो स्कोअर (शुद्धीची पातळी सांगणारा आकडा) लिहा. आकडा चढत नसेल किंवा घसरला तर औषधावर ढकलू नका. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) मिळाला तर फार उपयोगी: औषधाने जलद बीटा लहरी वाढतात, एन्सेफॅलोपथीत सगळीकडे मोठ्या, संथ डेल्टा लहरी. आकडीनंतर थोडा वेळ संथपणा राहतोच, तेव्हा काही तासांनी ईईजी पुन्हा काढा.