'गुन्हेगारी प्रवृत्ती' हा शब्द कुठे वापरावा?

प्रश्न: मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. गुन्ह्यामागे व्यक्तिमत्त्वातले 'ट्रेट' असतात, अशी त्याची मांडणी आहे. 'ट्रेट'ला 'प्रवृत्ती' चालेल का? 'गुन्हेगारी प्रवृत्ती' सगळ्यांना कळतं.

उत्तर: कळतं, पण इथे ते घात करेल. त्याने चोरी का केली? प्रवृत्तीच गुन्हेगारी. ती गुन्हेगारी कशावरून? चोरी केली त्यावरून! कारण काहीच सांगितलं नाही, तरी सांगितल्यासारखं वाटतं. 'गुणविशेष' म्हणा. उतावळेपणा, भडकपणा, थराराची ओढ, हे कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत असतं आणि त्यातलं काहीच स्वतः गुन्हा नव्हे. थराराची ओढ गिर्यारोहकातही असते.

मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९६४ साली जे मांडलं, तेही 'रक्तातच गुन्हा' असं नव्हतं. सदसद्विवेक म्हणजे लहानपणी अंगवळणी पडलेली भीती, असं ते मानत. मूल दुसऱ्याचं खेळणं उचलतं, ओरडा खातं. असं वारंवार झालं की पुढे नुसता हात लांबवला तरी छातीत धस्स होतं. बहिर्मुख मुलांत हे धस्स होणं उशिरा रुजतं, असं त्यांचं म्हणणं. (बहिर्मुखतेचा दुवा पुढच्या अभ्यासांत डळमळीत ठरला. कोरडेपणा आणि आक्रमकता यांचं जे आणखी एक परिमाण त्यांनी नंतर जोडलं, त्याचा गुन्ह्याशी संबंध अधिक सातत्याने दिसला.) या धस्स होण्यासाठी आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे: 'मन धजत नाही'. तो जरूर वापरा.

आणखी एक. सोकावलेला, निर्ढावलेला, सराईत हे शब्द गुणविशेषांच्या यादीत घालू नका. मला ते फार मोलाचे वाटतात, कारण माणूस तसा होत गेला हे त्यांतच दिसतं. एकदा पचलं, दुसऱ्यांदा पचलं, मग सोकावला. 'प्रवृत्तीचा' म्हटलं की हा सगळा प्रवास पुसला जातो.

प्रश्न: आणि 'सायकोपॅथ'? मी 'मनोरुग्ण' लिहिलं होतं.

उत्तर: ते कृपया बदला. मनोरुग्ण म्हणजे आजारी माणूस, आणि बहुतेक मनोरुग्ण कुणालाही इजा करत नाहीत. सायकोपॅथ भ्रमात नसतो, आपण काय करतोय हे त्याला कळत असतं. 'उलट्या काळजाचा' जवळ जातं, पण त्यात वरवरचं गोड बोलणं आणि सराईत खोटेपणा येत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी सायकोपॅथ ओळखण्यासाठी केलेल्या तपासणीत २० बाबी आहेत, प्रत्येकीला ० ते २ गुण. ४० पैकी ३० ही रेषा सहसा धरतात. म्हणजे इथेही प्रश्न प्रमाणाचाच. 'सायकोपॅथ' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

प्रश्न: आता वाक्य असं केलंय: 'आत्मसंयम कमी असल्यामुळे माणूस गुन्हा करतो.' बरोबर?

उत्तर: 'असल्यामुळे' काढा. 'आत्मसंयम कमी असेल तर गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते.'